दुसऱ्या खेपेचं फ्रान्स: वार बघून गाव गाठा

पहिल्या खेपेला फ्रान्स म्हणजे बहुतेकांसाठी पॅरिस. आयफेल टॉवर, सेन नदीतली बोट, लूव्रमध्ये मोनालिसासमोरची चेंगराचेंगरी, आणि मग भल्या सकाळी बसमध्ये बसून स्वित्झर्लंड. त्या बसच्या खिडकीबाहेर दुपारी जो चढउतारांचा, हिरवा-पिवळा मुलूख सरकत होता आणि निम्मी बस घोरत होती, तो बर्गंडी. त्याच मुलखात वसंतात परत जायचं, टूर कंपनीशिवाय, आणि छोट्या गावांत राहायचं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा लेख. पॅरिसबद्दल यात काही नाही. प्रोव्हान्स आणि आल्सासही मुद्दाम सोडले आहेत. दहा दिवसांत एक मुलूख नीट बघून होतो, तीन नाही.

आधी वार, मग नकाशा

नवख्या माणसाची आखणी नकाशावरून होते. हे गाव त्या गावाजवळ आहे, म्हणजे दोन्ही एका दिवसात उरकू. छोट्या फ्रेंच गावांत ही पद्धत चालत नाही, कारण तिथे सगळं वारावर चालतं. आठवड्यातून एक-दोन सकाळी बाजार भरतो आणि गाव त्या सकाळी खरं दिसतं. दुपारी एकच्या सुमाराला ताडपत्र्या गुंडाळल्या जातात, पाण्याची गाडी येऊन चौक धुऊन जाते, आणि तीन वाजता त्याच चौकात तुम्ही आणि एखादं मांजर एवढेच उरता. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद. सोमवारी बरीचशी दिवसभर बंद, त्यात बेकरी आणि खानावळीही आल्या. अनेक संग्रहालयांची सुट्टी मंगळवारी. रोज दुपारी बारा ते दोन जेवणाची सुट्टी वेगळीच, आणि पर्यटकांसाठी असलेलं माहिती कार्यालयही ती बिनदिक्कत घेतं.

म्हणून पहिलं काम हे: कागदावर दहा दिवस वारासकट मांडा आणि प्रत्येक गावासमोर त्याचा बाजाराचा वार लिहा. बोनचा मोठा बाजार शनिवारी. तुर्न्यू आणि क्लुनीचाही शनिवारीच, म्हणजे तिघांपैकी एकच निवडता येतो. दिजाँच्या लोखंडी मंडईत मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी सकाळी गजबज असते. लुआँचा बाजार सोमवारी. बाकी सगळं बंद असलेल्या दिवशी बाजार भरवणारं हे गाव म्हणूनच आखणीत सोन्यासारखं आहे.

मग सुट्ट्या. फ्रान्सचा मे महिना सुट्ट्यांनी नुसता सच्छिद्र असतो. १ मे कामगार दिन, म्हणजे आपला महाराष्ट्र दिन. ८ मे दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीचा दिवस. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, नेहमी गुरुवारी येणारा असान्सियाँ, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण. आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत येणारा पांतकोत या ख्रिस्ती सणाचा सोमवार. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवारची रजा टाकून लोक चार दिवस सलग काढतात. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला, म्हणून असान्सियाँ ६ मेला पडतो. ८ मेचा शनिवारही सुट्टीचाच. त्यामुळे ६ ते ९ मे हे चार दिवस सबंध फ्रान्स घराबाहेर असेल. त्या चार रात्रींची खोली दोन-तीन महिने आधी धरून ठेवा, नाहीतर ते दिवस दिजाँसारख्या मोठ्या शहरात काढा.

१ मेचं प्रकरण आणखी कडक आहे. त्या दिवशी बहुतेक संग्रहालयं आणि दुकानं बंद असतात आणि खेड्यांकडच्या बस बऱ्याच ठिकाणी धावतच नाहीत. २०२७ मध्ये १ मे शनिवारी येतो, म्हणजे नेमका बोनच्या बाजाराचा वार. तो शनिवार पकडून आखणी करणार असाल तर बाजार भरणार आहे ना, हे गावच्या संकेतस्थळावर पाहूनच खोली घ्या. त्या दिवशीची एक गोष्ट मात्र खास असते. रस्त्याच्या कडेला शाळकरी पोरांपासून आजीबाईंपर्यंत कुणीही म्यूगेच्या, म्हणजे छोट्या पांढऱ्या घंटांसारख्या फुलांच्या जुड्या विकत असतं. एरवी रस्त्यावर विकायला परवाना लागतो. या दिवशी या फुलांकडे कानाडोळा केला जातो. एक जुडी घ्या आणि घरमालकिणीला द्या. उरलेला मुक्काम सुखाचा जातो.

ऋतू म्हणाल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मे अखेर हा माझा कौल. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात. त्यामुळे एप्रिलच्या शेवटी साडेआठपर्यंत आणि मेच्या मध्याला नऊपर्यंत उजेड असतो. संध्याकाळच्या त्या तीन तासांवर गावं मनसोक्त फिरून होतात. शेतं पिवळीधमक दिसतील. ‘ही बघा दिजाँची मोहरी’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या, तो कोल्झा, तेलासाठी लावलेलं मोहरीच्या कुळातलं पीक. दिजाँच्या मोहरीसाठी लागणारं बी बरंचसं कॅनडातून येतं. २०२१ मध्ये तिकडे दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये खुद्द फ्रान्सच्या दुकानांतून मोहरीच्या बाटल्या गायब झाल्या.

थंडीला मात्र कमी लेखू नका. एप्रिलात सकाळी पाच-सहा अंश आणि दुपारी पंधरा-सोळा, असा एकाच दिवसातला फरक असतो. द्राक्षमळेवाल्यांची झोप याच दिवसांत उडालेली असते. नवे कोंब फुटलेले असतात आणि एका रात्रीच्या कडाक्याने वर्षाचं पीक जातं. २०२१च्या एप्रिलमध्ये तसंच झालं. लोकांनी मळ्यांत ओळीने मेणाचे डबे पेटवले, तरी नुकसान झालंच. ११, १२ आणि १३ मे या तीन तारखा जुन्या पंचांगात मामेर, पाँक्रास आणि सेर्व्हे या संतांच्या. हे ‘बर्फाचे संत’ उलटून गेल्याशिवाय शेतकरी टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाही. तुम्हीही तोवर स्वेटर बॅगेच्या तळाशी ढकलू नका.

व्हिसा

पहिल्या खेपेच्या व्हिसाचा दुसऱ्या खेपेला उपयोग होतो, हे अनेकांना माहीत नसतं. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात. दुसरं, एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी शेंगेनचा नवा नियम आला आहे. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. तुमचं ते खातं दोनवर पोचलं असेल तर अर्जासोबत जुन्या व्हिशांच्या प्रती न विसरता जोडा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; अगदी उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण मेच्या सुट्टीसाठी अर्धा महाराष्ट्र रांगेत असतो, तेव्हा भेटीची वेळ जानेवारी-फेब्रुवारीतच घ्या. शुल्क प्रौढांना ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. छोट्या गावांत राहणाऱ्यांची एक वेगळी अडचण असते: चार ठिकाणची घरगुती बुकिंगं. प्रत्येकाकडून नाव, पत्ता आणि तारखा असलेली पावती ईमेलने मागवून घ्या. मधल्या एखाद्या रात्रीची पावती नसली की अर्जावर प्रश्न येतात.

मुक्काम दोन-तीनच ठिकाणी

रोज नवं गाव, रोज नवी खोली हा टूरचा हिशेब झाला. स्वतः फिरताना दोन, फार तर तीन तळ ठेवा. माझा सल्ला असा: पाच रात्री दिजाँ किंवा बोन, मग दोन-तीन रात्री सम्यूर आणि शेवटच्या दोन-तीन तुर्न्यू किंवा क्लुनीला. दिजाँ शहर आहे, तिथून सगळीकडे रेल्वे सुटते आणि रविवारी उपाशी राहायची वेळ येत नाही. बोन सुंदर पण महाग. द्राक्षारसाच्या पैशाने गबर झालेलं गाव.

राहायला तीन प्रकार. साधं हॉटेल. शांब्र दोत, म्हणजे कुणाच्या तरी घरातली खोली. कायद्याने अशा घरात पाचपेक्षा जास्त खोल्या आणि पंधरापेक्षा जास्त पाहुणे ठेवता येत नाहीत आणि न्याहारी भाड्यातच धरलेली असते. तिसरा जीत, म्हणजे स्वयंपाकघरासकट आख्खं घर. हे हंगामात बऱ्याचदा शनिवार ते शनिवार असंच मिळतं. घरचं जेवण हवं असेल, सोबत आईवडील असतील, तर जीतला पर्याय नाही.

बुकिंग झालं की लगेच एक निरोप पाठवा: आम्ही अमुक वाजता पोचतो आहोत. छोट्या हॉटेलात रात्री काउंटरवर कुणी बसत नाही. सात-आठनंतर दार बंद होतं आणि आत जायला आकड्यांचा कोड लागतो. तो आधी मागून घेतला नाही तर सुटकेसवर बसून फोन लावत बसावं लागतं. निघताना माणशी रोजचा थोडासा पर्यटक कर वेगळा मागतील. ती फसवणूक नव्हे.

रेल्वे, बस, आणि गाडीचा प्रश्न

पॅरिसच्या विमानतळावरून आरईआर बी ही लोकल पकडा, शातले-ले-आल स्टेशनला उतरून आरईआर ए किंवा डी घ्या, पुढचंच स्टेशन गार द लियाँ. तिथून टीजीव्ही या वेगवान गाडीने दिजाँ दीड-पावणेदोन तासांवर. टीजीव्हीचं तिकीट विमानासारखं: लवकर काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी डोळे पांढरे. गावागावांतून फिरणाऱ्या टीईआर गाड्यांचं तसं नसतं. त्यांचं भाडं साधारण ठरलेलं आणि जागा राखून ठेवायची भानगड नाही. दोन्हींची तिकिटं रेल्वेच्या एसएनसीएफ कनेक्ट या अ‍ॅपवर मिळतात. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून दिजाँला एक संथ टीईआरही जाते. तीनेक तास घेते, पण पैसे वाचतात आणि खिडकीबाहेरचं डोळे भरून बघता येतं.

फलाटाचा आकडा गाडीच्या वीसेक मिनिटं आधी लागतो. सगळे मान वर करून फळ्याकडे बघत उभे असतात. तुम्हीही तसेच राहा. टीजीव्हीचे दरवाजे सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. वेळापत्रकात गाडीच्या जागी ‘ओतोकार’ लिहिलेलं असेल तर ती बस आहे आणि ती स्टेशनच्या बाहेरून सुटते. फलाटावर ती कितीही वेळ वाट पाहिली तरी यायची नाही.

संपाची हवा असतेच. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना ४८ तास आधी कळवावं लागतं आणि कोणत्या गाड्या धावणार हे आदल्या संध्याकाळी पाचपर्यंत अ‍ॅपवर कळतं. संपात सगळं ठप्प होतं हा गैरसमज. गाड्या कमी होतात, एवढंच. आदल्या संध्याकाळी बघायची सवय लावून घ्या.

गाडी भाड्याने घ्यावी का? दिजाँ, बोन, तुर्न्यू, मोंबार ही सगळी रेल्वेवर आहेत, त्यांना गाडी नको. वेझले आणि सम्यूरच्या आजूबाजूच्या खेड्यांसाठी दोन-तीन दिवस घेतली तर चैन होते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष. गाडी उजव्या बाजूने चालवायची याची सवय तासाभरात होते. खरा घोळ उजवीकडून येणाऱ्याच्या हक्काचा. गावातल्या चौकात काही पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही बारकी असो. गावात वेग ५०, बाहेर दुपदरी रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, आधी सांगून ठेवा. आणि छोट्या गावातली भाड्याची कचेरी दुपारी बारा ते दोन आणि रविवारी बंद, हे वेगळं सांगायला नकोच.

दहा दिवस असे लावा

गुरुवारी दिजाँला पोचा. शुक्रवारी सकाळी तिथली मंडई बघा, मग नोत्र-दाम चर्चच्या बाजूच्या भिंतीवरचं दगडी घुबड शोधा. डाव्या हाताने त्याच्यावरून हात फिरवला की इच्छा पुरी होते म्हणतात. शतकानुशतकं हात फिरून त्याचा चेहरा पार गुळगुळीत झाला आहे. घुबड आहे हे सांगावं लागतं. कला संग्रहालयाचा कायमचा संग्रह फुकट बघता येतो (मंगळवारी बंद). तिथल्या बर्गंडीच्या ड्यूकांच्या समाध्यांखाली टोपडी ओढून रडणाऱ्या, अलाबास्टर या मऊ पांढऱ्या दगडातल्या माणसांची रांग आहे. एकेकापाशी वाकून बघा, प्रत्येकाचं रडणं निराळं आहे.

शनिवार बोनचा. दिजाँहून टीईआरने वीस-पंचवीस मिनिटं. नऊला बाजारात पोचा. मेमध्ये पांढरा शतावर, पहिल्या स्ट्रॉबेऱ्या, मातीचा वास मारणाऱ्या मोरी या रानअळंब्या. चीजच्या गाड्यावर विकणारी बाई विचारेल, आज खाणार की उद्या? हा प्रश्न औपचारिक नाही. उत्तराप्रमाणे ती ढिगातलं वेगळं चीज उचलते आणि अंगठ्याने हलकं दाबून बघते. रांग मोडू नका, फळांना आपण होऊन हात लावू नका, आणि बोलायला सुरुवात करताना आधी ‘बाँजूर’ म्हणा. मग भाव विचारा. बाँजूर न म्हणता थेट ‘हाऊ मच’ करणाऱ्याला इथे उद्धट समजतात आणि उत्तरही तसंच मिळतं. फ्रेंच लोक तुसडे असतात ही जी ख्याती पहिल्या खेपेहून आपण घेऊन येतो, तिचा निम्मा भाग या एका शब्दाने पुसला जातो.

बाजार संपला की समोरच ओतेल-दिय. ड्यूकचा चान्सलर निकोला रोलाँ आणि त्याची पत्नी गिगोन यांनी १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी स्थापन केलेलं हे रुग्णालय. आत १९७१ पर्यंत रुग्ण होते, यावर चटकन विश्वास बसत नाही. बाहेरून साधं, आणि अंगणात गेलं की लाल, पिवळ्या, हिरव्या, तपकिरी चकचकीत कौलांची नक्षी अंगावर येते. पर्यटक तिथेच फोटो काढत राहतात. तुम्ही आतल्या लांबलचक दालनात जा. दोन्ही भिंतींना लाल पडद्यांच्या खाटांची रांग आहे. टोकाला प्रार्थनामंदिर, म्हणजे अंथरुणावरून उठता न येणाऱ्यालाही पूजा दिसावी. मग खाली बघा. फरशीवर जागोजाग एक शब्द आणि एक तारा कोरलेला आहे: ‘एकटीच’, आणि पुढे तारा. तीच एकटी माझी तारा, असं रोलाँने बायकोसाठी घेतलेलं ते ब्रीद. इतक्या फरशांवर बायकोचं कौतुक करणारा हा गृहस्थ कर गोळा करण्यात मात्र कठोर म्हणून प्रसिद्ध होता. पुढच्या दालनात रोखिर व्हान डेर वायडेनने रंगवलेलं शेवटच्या निवाड्याचं चित्र आहे. गर्दीचे दहा जण जाऊ द्या आणि मग उभे राहा.

रविवारी बोनहूनच सायकल घ्या (दुकान रविवारी उघडं आहे ना, शनिवारीच विचारा). द्राक्षमळ्यांतून पोमार, व्होल्ने, मरसो अशा गावांवरून साँतनेपर्यंत वीस-बावीस किलोमीटरची सायकलवाट जाते. मळे गुडघ्याएवढेच, दगडी कुंपणं, आणि दर शंभर पावलांवर वेगळं नाव. त्या प्रत्येक तुकड्याची माती आणि ऊन वेगळं मानतात, त्यांना ‘क्लिमा’ म्हणतात, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने ते सगळे जागतिक वारशात घेतले. पाणी आणि खाणं सोबत ठेवा. रविवारी दुपारी दोननंतर वाटेत पाव मिळाला तर नशीब.

सोमवारी दिजाँहून टीईआरने लुआँ. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी टिपून ठेवा. मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना १५७ कमानी आहेत आणि त्यांच्या आडोशाने बाजार भरतो. एका टोकाला जिवंत कोंबड्यांचा बाजार असतो, ब्रेसच्या प्रसिद्ध पांढऱ्या कोंबड्यांचा. शाकाहारी मंडळींनी ते टोक टाळावं.

मंगळवारी तळ हलवा. दिजाँहून मोंबार, तिथून बसने सम्यूर-आँ-ओस्वा. बसच्या वेळा ठरवूनच रेल्वेचं तिकीट घ्या. शाळेच्या दिवसांत बस वेगळ्या आणि सुट्टीत वेगळ्या धावतात. गुलाबी ग्रॅनाइटच्या कड्यावर बसलेलं हे गाव पुलाखालून, आर्मान्साँ नदीच्या काठावरून बघायचं, शक्यतो संध्याकाळी. चार गोल बुरुजांपैकी एकाला वरपासून खालपर्यंत भेग गेली आहे आणि तो तसाच उभा आहे. मेच्या शेवटी असाल तर ३१ मे साधा. त्या दिवशी १६३९ पासून चालत आलेली घोड्यांची शर्यत होते आणि बक्षीस म्हणून अंगठी देतात.

इथून दोन ठिकाणं. मोंबारपासून सहाएक किलोमीटरवर फोंतनेचा मठ, १११८ चा. मठवासी गेल्यावर त्यात कागदाचा कारखाना होता, तो मोंगोल्फिये घराण्याकडे. १९०६ मध्ये एका धनिकाने विकत घेऊन त्याला पुन्हा मठाचं रूप दिलं. दुसरं फ्लाविन्यी, टेकडीवरचं इवलंसं गाव. तिथल्या जुन्या मठात अनिसच्या गोळ्या बनतात. मधोमध अनिसचा एकच दाणा आणि त्यावर पाकाचे थरावर थर. खानावळीच्या काउंटरवर ठेवलेल्या आपल्या साखरेच्या बडीशेपेचा हा थोरला, गोल भाऊ. शंकास्पद खाणं टाळणाऱ्या आत्यांसाठी ही डबी बिनधोक भेट.

वेझलेला जायचं असेल तर ते इथूनच, गाडीने. रेल्वेने सेर्मिझेल स्टेशन गाठता येतं, पण तिथून गाव दहा किलोमीटरवर आणि टॅक्सी आधी फोन करून बोलवावी लागते. ११४६ च्या ईस्टरला संत बर्नारने इथल्या टेकडीउतारावर दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली. इथल्या बॅसिलिकेच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या आत दगडी कमानी एकीआड एक फिकट आणि गडद. पण आपल्याला इथे आणखी एक घर बघायचं आहे. गांधी, रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांची चरित्रं लिहून भारताची युरोपला ओळख करून देणारे रोमाँ रोलाँ शेवटची वर्षं याच गावात राहिले आणि ३० डिसेंबर १९४४ ला इथेच गेले. १९३१ मध्ये गांधीजी त्यांना भेटायला गेले होते, ते स्वित्झर्लंडमध्ये. वेझलेतल्या त्यांच्या घरात आता आधुनिक चित्रांचं संग्रहालय आहे. खिडकीतून खालची दरी दिसते.

शेवटचे दिवस दक्षिणेला. तुर्न्यू साओन नदीकाठी, रेल्वेवर, आणि साँ-फिलिबेरचं हजार वर्षांचं चर्च स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. पाटीवर नावाच्या शेवटी स येतो, म्हणताना गिळायचा. क्लुनीला माकाँ किंवा शालाँहून बस. ९१० मध्ये स्थापन झालेल्या या मठाचं चर्च रोमचं सेंट पीटर्स बांधून होईपर्यंत ख्रिस्ती जगात सर्वांत मोठं होतं. क्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि लोकांनी त्याचा दगड खाणीसारखा नेला. आज एक भुजा उभी आहे. बाकीचं कुठे होतं ते गावातल्या रस्त्यांवरून चालताना कळत जातं. खांबांची जोती मोजत पुढे जायचं. शालाँहून येणारी बस वाटेत तेझेला थांबते. १९४० मध्ये सुरू झालेल्या तिथल्या प्रार्थनासमुदायाकडे ईस्टरच्या आठवड्यात जगभरची तरुण मुलं लोटतात, तेव्हा बसमध्ये बसायला जागा मिळेल अशी आशा धरू नका.

जेवण

दुपारचं जेवण बारा ते दीड. पावणेदोनला गेलात तर ‘स्वयंपाकघर बंद’. रात्रीचं सात-साडेसातनंतर. मधल्या वेळात फक्त कॉफी आणि केक. दुपारी जेवण, रात्री हलकं असं ठेवा. दुपारच्या ठरलेल्या थाळीत दोन-तीन पदार्थ बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. ‘काराफ दो’ म्हणालात की नळाचं पाणी फुकट येतं, पावही बिलात नसतो. रविवार-सोमवारचं टेबल शनिवारीच सांगून ठेवा.

शाकाहाऱ्यांनी ‘व्हेजेतारियाँ’ एवढ्यावर थांबू नये. ‘साँ व्हियाँद, साँ प्वासाँ, साँ लार्दाँ’ असं तीन तुकड्यांत सांगा: मांस नको, मासे नकोत, आणि लार्दाँ नकोत. लार्दाँ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते सॅलडमध्ये, ऑम्लेटमध्ये, कुठेही टपकतात आणि आचाऱ्याच्या लेखी ते मांसात मोडत नाहीत. भरवशाचे पदार्थ म्हणजे गरम बकरीच्या चीजचं सॅलड, ऑम्लेट, आणि गुजेर हे चीजचे फुगीर गोळे (अंडं असतं). अंड्यांचा मरेत हा इथला मानाचा पदार्थ, पण रस्सा लाल वाइनचा आणि त्यात लार्दाँ. सम्यूरजवळचं एपुआस हे चीज वासाने खोली रिकामी करतं, चवीला मात्र मऊ. त्यात आणि इतर बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, कडक शाकाहारी असाल तर हे धरून चाला. अंडंही चालत नसेल, तर पुन्हा सांगतो, जीत घ्या. डाळ-तांदूळ सुपरमार्केटात मिळतात. मसाल्याचा डबा घरून न्या.

न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. कासिसचं, म्हणजे ब्लॅककरंट या फळाचं सरबत मागताना ‘सिरो’ म्हणा. ‘क्रेम द कासिस’ मागितलं तर दारू येईल.

किरकोळ, पण अडेल असं

आयफेल टॉवरवर २०२४ मध्ये यूपीआय सुरू झालं, म्हणून बोनच्या बाजारात चालेल असं नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. बाजारासाठी आणि सार्वजनिक शौचालयांसाठी सुटे युरो ठेवा. औषधाचं दुकान म्हणजे हिरवा क्रॉस. रविवारी कोणतं उघडं आहे ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. आणीबाणीला ११२. नळावर ‘नाँ पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. बूट रबरी तळाचे घ्या. या गावांतल्या दगडी रस्त्यांवर चाकांची सुटकेस ओढली की आख्खं गाव खिडकीत येतं, म्हणून शक्य तर पाठीवरची बॅग.

आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पॅरिसमध्ये राहा. तुर्न्यूहून सकाळची टीईआर, दिजाँला किंवा माकाँला बदल, मग विमानतळ, असं एकाच दिवसात साधायला बघाल तर एका संपाने किंवा वीस मिनिटांच्या उशिराने विमान जाईल. त्या रात्रीची खोली गार द लियाँच्या आसपास घ्या. सकाळी आरईआर दोन मिनिटांवर असते.